माझ्या शिवणीतलं मीठ

"मेल्या, झाडू घातला की पायात, लादी पुसली की पायात! दुसरी जागाच नाही काय रे तुला?"

हे रोज सकाळी माझ्या कानावर पडतं. मला कान नाहीत, पण गुणवंतीबाईंचा आवाज असा आहे की चामड्यालाही ऐकू यावा. त्या खाटेखाली झाडू घालतात, मी घरंगळत बाहेर येतो, त्या पायाने मला पुन्हा आत ढकलतात. मित्रांनो, तो मेला म्हणजे मी. मी एक जुना फुटबॉल आहे. लालबागच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, महादेव आणि गुणवंतीबाई यांच्या खाटेखाली माझा मुक्काम असतो. पोटात हवा अर्धीच उरली आहे. अंगाला भेगा पडल्या आहेत. आणि एका शिवणीत पांढरी रेघ आहे. माझी गोष्ट खरं तर त्या रेघेची. पण आधी जन्म सांगतो.

माझा जन्म जपानमधला. समुद्रकाठचं एक लहान गाव. तिथे जहाजं बांधायचा कारखाना होता आणि वारा फिरला की सुकत घातलेल्या मासळीचा वास थेट मैदानावर यायचा. चामड्याचे बत्तीस तुकडे कुणीतरी हाताने शिवले आणि मी शाळकरी मुलांच्या एका संघात दाखल झालो. त्या मुलांची लीग असायची. झाडांना पालवी फुटली की सुरू व्हायची आणि पानं गळेपर्यंत चालायची. दर रविवारी सामना.

त्या मुलांच्या काही रीती होत्या. मैदानात शिरताना मैदानाला वाकून नमस्कार, निघतानाही नमस्कार. सराव संपला की धाकटी मुलं आम्हाला फडक्याने पुसून, मोजून पेटीत ठेवत. एक जरी चेंडू कमी भरला तरी कुणी घरी जायचं नाही. एकदा मी कुंपणापलीकडच्या नाल्यात पडलो, तेव्हा सगळा संघ दिवेलागणीपर्यंत गवत चाळत होता. मला तोशियो नावाच्या मुलाने शोधून काढलं. तो मागच्या फळीत खेळायचा. फार काही चांगला खेळत नव्हता, पण पुसायचा मात्र मन लावून.

त्या मोसमात आमच्या संघाने चौदातले तीन सामने जिंकले. एका सामन्यात तोशियोने गडबडीत मला आपल्याच गोलात मारलं. त्याला कुणी एका शब्दाने टाकून बोललं नाही. पण परतीच्या वाटेवर त्याच्याशी कुणी बोललंही नाही. न बोलणं हे कुठल्याही भाषेत सारखंच असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मोसम संपला आणि तोशियोच्या वडिलांचं कारखान्यातलं काम सुटलं. त्यांना गाव सोडून जायचं होतं. जो संघ सोडून जातो त्याच्यासाठी एका चेंडूवर सगळ्यांनी नावं लिहायची, अशी तिथली पद्धत. म्हणून सगळ्यांनी माझ्यावर नावं लिहिली. शाई माझ्या अंगात मुरली. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! स्टेशनवर पोचवायला मात्र एकही पोरगा आला नाही.

पुढे तोशियो मोठा झाला, मालवाहू जहाजावर कामाला लागला. मीही त्याच्या बरोबर. बरीच वर्षं मी त्याच्या उशाशी डुलत होतो. मग ते जहाज म्हातारं झालं आणि तोडायला म्हणून मुंबईला आलं. खलाशांना विमानाने परत जायचं होतं, एकेकच पिशवी घेऊन. तोशियोने मला तळहातावर घेतलं, थोडा वेळ धरलं आणि पुन्हा बिछान्यावर ठेवलं. तो मला विसरला की सोडून गेला, हे मी अजून ठरवलेलं नाही.

रे रोडला तुटलेल्या जहाजांचं सामान विकणारी दुकानं आहेत. तिथे घड्याळं, दोरखंड आणि कपबशा यांच्यात मी पडून होतो. महादेव तिथे आला. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर कामाला असलेला, चाळीतल्या मुलांना फुकट फुटबॉल शिकवणारा माणूस. त्याने अंगठा दाबून मला पाहिलं.

"चामडं अस्सल आहे," तो म्हणाला.

चाळीत मुलांनी मला गराडा घातला. "काका, ह्याच्यावर चायनीज लिवलंय!"

"जपानी आहे ते, गाढवा."

"मग काय लिवलंय?"

"लिहिलंय की डाव्या पायाने पण मारायला शिका."

त्या दिवसापासून माझं नाव जपान पडलं. "ए, जपान टाक ना इकडं!" असं पोरं ओरडायची. इथे मैदानाला कुणी नमस्कार करत नव्हतं, पुसणं तर लांबच. मी चिखलासकट जिन्याखाली मंडळाच्या जागेत जाळीत लटकायचो. शेवटी महादेवनेच एक दिवस विचारलं, "ह्याची काळजी कोण घेणार?" सगळी पोरं छताकडे बघायला लागली. लहू म्हणाला, "मी नेतो घरी. आमच्या बाबांना चामड्यातलं कळतं."

लहू चौदा वर्षांचा. डाव्या बगलेने असा सुटायचा की मला त्याच्या पायाबरोबर धावताना दम लागायचा. त्याचे वडील गणपत साचेखात्यातलेच, महादेवच्या शेजारच्या साच्यांवर. दोघांची गावंही जवळजवळची, सावंतवाडीकडची. साच्यांवर चामड्याचे पट्टे असतात, ते राखायची गणपतला सवय. त्याने पट्ट्यांना लावायची चरबी एका पत्र्याच्या डबीत आणली आणि लहूला बोटाने कशी चोळायची ते दाखवलं. माझी शिवण उसवली तर तो ती स्वतः ओवायचा आणि शेवटी विणकराची गाठ मारायचा. ही गाठ इतकी बारीक असते की हात फिरवला तरी लागत नाही. माझ्या पोटावर अशा चार गाठी आहेत.

मग जानेवारीत संप सुरू झाला. मित्रांनो, संपाने चाळीला पहिल्यांदा काय दिलं म्हणाल, तर दिवसभर घरी असणारे बाप दिले. पहिले काही महिने जत्राच होती. गावाहून तांदूळ यायचा, सभा व्हायच्या, आणि आमच्या सरावाला मैदानाभोवती बापांची रांग लागायची. ज्यांनी जन्मात पोराचा खेळ पाहिला नव्हता, ते आता कसं मारायचं ते शिकवायला लागले. पण दुसरा हिवाळा आला तेव्हा ती रांग विरळ झाली होती. उरलेले होते ते शिकवत नव्हते, नुसते उभे राहत.

त्याच हिवाळ्यात परळ-लालबागमधल्या आठ मंडळांनी मुलांची लीग भरवली. सात सामने, शेवटी ढाल. महादेवने ती लीग फार मनावर घेतली. संपाचं काही त्याच्या हातात राहिलं नव्हतं, पण अकरा पोरं हातात होती. पहिल्या चार सामन्यांत तीन विजय, एक बरोबरी. सहा गोल, त्यातले चार लहूचे.

आता तुम्हाला तो फळा सांगतो. जिन्याखाली माझ्या जाळीसमोर मंडळाचा काळा फळा होता. वर संपाच्या बातम्या. मधे कुणाचं लग्न, कुणाचं बारावं. खाली रविवारच्या संघाची अकरा नावं. आणि डाव्या कोपऱ्यात एक चौकट. त्या चौकटीत, संप मोडून चोरून गिरणीत कामाला जाणाऱ्यांची नावं. वर एकच शब्द, फितूर. सगळं अक्षर महादेवचं. सुंदर, वळणदार. त्याच हाताने तो बारशाचं आमंत्रणही लिहायचा.

जानेवारी सरता सरता गणपत पहाटे बाहेर पडायला लागला. हातात डबा. संपात डबा घेऊन कोण बाहेर पडतो? मी त्यांच्या घरीच होतो म्हणून मला ठाऊक. तो नाक्यावरून मिठाच्या ट्रकने वडाळ्याच्या मिठागरावर जायचा. मिठाची पोती ट्रकवर चढवायची, ट्रकबरोबर जाऊन उतरवायची. संध्याकाळी यायचा तेव्हा भुवया पांढऱ्या, केस पांढरे, खांदे पांढरे.

पहिल्याच दिवशी त्याने लहूला समोर बसवलं. "कोणाक सांगू नको हां. आईची शपथ आसा तुका. चार साचे चालवणारो माणूस मी. मिठाची पोती उचलतंय म्हणान चाळीत कळला, तर मान वर करून बघूक येवचा नाय."

मालन, लहूची आई, चुलीशी म्हणाली, "त्यात काय लाजायचा? चोरी करतास काय?"

"तू गप ऱ्हव," गणपत म्हणाला.

त्याच संध्याकाळी त्याने माझी एक उसवलेली शिवण ओवली. हात धुतले नव्हते. दोऱ्याबरोबर मीठ माझ्या आत गेलं. चामड्याला मीठ सोसत नाही. चार दिवसांनी त्या शिवणीवर पांढरी रेघ उगवली. महादेवने सरावाला ती पाहिली आणि म्हणाला, "बुरशी आली वाटतं ह्याला."

गिरणगावात माणसाच्या डोक्यावर पांढरं दिसलं की त्याचा एकच अर्थ. आयुष्यभर सगळ्यांनी तेच पाहिलेलं. पाळी सुटली की बाप, भाऊ, शेजारी भुवयांवर कापूस घेऊन घरी येतात. लहान मूलसुद्धा ते ओळखतं. म्हणून पहिल्या मजल्यावरच्या शामरावने गणपतला संध्याकाळी जिना चढताना पाहिलं, तेव्हा त्याला दुसरं काही वाटणंच शक्य नव्हतं.

"महादेवा, मी डोळ्याने बघितला," तो जिन्याखाली येऊन सांगत होता. मी त्या दिवशी सामन्यासाठी जाळीत होतो. "डोक्यावर ह्या एवढा कापूस. आणि पहाटे नाक्यावर ताडपत्री लावलेल्या ट्रकमध्ये चढतो. गिरणीवाले असेच नेतात माणसांना, ताडपत्रीखाली झाकून."

"गणपत?" महादेव म्हणाला. "नाही रे."

"मग डबा कशाला नेतो? चौपाटीवर फिरायला?"

महादेव बराच वेळ हातात खडू धरून उभा होता. वर जाऊन विचारायचं तर तेहतीस पायऱ्या होत्या. तो त्या चढला नाही. त्याने चौकटीत गणपतचं नाव लिहिलं. मग खाली आला, अकरा नावांतलं लहूचं नाव तळहाताने पुसलं आणि तिथे दुसऱ्या मुलाचं नाव घातलं. मी समोर लटकत होतो. मला तोंड असतं तर! पण हवा भरायला एक भोक, त्यावर पण बूच.

लहू खाली आला. त्याने फळा वाचला. दोनदा वाचला. मग त्याने चरबीची डबी खिशात घातली आणि महादेवला विचारलं, "काका, जपानला आज तेल लावायचं राहिलंय. लावू?"

"राहू दे," महादेव म्हणाला. त्याच्याकडे न बघता.

पाचवा सामना आम्ही हरलो. लहू गोलामागे उभा होता. मी बाहेर गेलो की तो धावत जाऊन मला उचलायचा आणि आणून द्यायचा. गोलकीपर भिवा त्याचा जिवलग दोस्त, एकाच बाकावर बसणारे. भिवाने हात पुढे केला नाही. "खाली ठेव," तो म्हणाला. लहूने मला जमिनीवर ठेवलं, दोन पावलं मागे सरला. मग भिवाने मला उचललं. असं त्या सामन्यात सहा वेळा झालं. मी लाथा खाण्यासाठीच जन्मलो आहे, त्याची मला कधी लाज वाटली नाही. पण त्या दिवशी भिवाच्या ज्या हातांनी मला उचललं, त्यांची वाटली.

चाळीचंही तसंच. मालनची बादली नळावर शेवटी. हळदीकुंकवाला तिचं दार वगळून पुढचं दार. गणपत आणि महादेव एकदा जिन्याखाली समोरासमोर आले. महादेव म्हणाला, "गणपत, तूच सांग. जातोस की नाही?"

गणपतने फळ्याकडे पाहिलं. त्याच्या भुवयांवर तेव्हाही पांढरं होतं, महादेवच्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर.

"लिहून झाल्यावर विचारतोस?" तो म्हणाला आणि वर गेला.

त्याने तेव्हा एक शब्द सांगितला असता तर? मी पुष्कळदा विचार करतो. एका बाजूला अभिमान, दुसऱ्या बाजूला खडू. आणि मधे एक पोरगा, ज्याने आईची शपथ घेतली होती आणि ती पाळली.

उरलेले दोन सामनेही आम्ही हरलो. ढाल दुसऱ्या चाळीत गेली. मेमध्ये शाळेचा निकाल लागला आणि गणपतचं बिऱ्हाड गावी निघालं. दोन ट्रंका, एक वळकटी. पोरं गॅलरीत कठड्याला टेकून उभी होती. कुणी खाली आलं नाही. माझ्यावर पुष्कळ जागा होती, मित्रांनो. जपानी नावांच्या मधे मधे अकरा काय, बावीस नावं मावली असती. लहू जाताना महादेवच्या दारापाशी थांबला. उंबऱ्याच्या कडेला चरबीची डबी ठेवली आणि गेला. ती डबी आजही माझ्या शेजारी खाटेखाली आहे. उघडलेली नाही.

त्यानंतर चाळीत एक वाक्य तयार झालं, "लहू गावाला गेला." डावी बगल रिकामी दिसली की म्हणायचे, "लहू गावाला गेला ना, म्हणून." पोरांचा संघ मोडला तेव्हाही, "काय करणार, लहू गावाला गेला." जसं काही तो सुट्टीत आंबे खायला गेला होता.

पावसाळ्यात माणसं एकेक करून गिरणीत परत जायला लागली. सह्या करायच्या, मान खाली घालायची, आत जायचं. शामराव जुलैत कामावर गेला. त्याचं नाव फळ्यावर आलं नाही. भिवाचे वडील कामावर गेले, त्यांचंही आलं नाही. एक दिवस कुणीतरी ती चौकट ओल्या फडक्याने पुसून टाकली आणि तिथे दहावी पास झालेल्यांची नावं लिहिली. महादेवला मात्र गिरणीने परत घेतलं नाही. तो संपाच्या कमिटीत होता. मला त्याने जाळीतून काढून घरी आणलं आणि खाटेखाली टाकलं. त्याला मी डोळ्यांसमोर नको होतो, आणि फेकवतही नव्हतो.

तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. चामडं भिजलं तर उन्हात टाकू नका, सावलीत वाळवा. महिन्यातून एकदा तरी चरबी लावा. आणि कुठे पांढरं दिसलं तर बुरशी म्हणण्याआधी, कापूस म्हणण्याआधी, बोट लावून चव बघा. फार वेळ लागत नाही.

आता कालचं सांगतो.

गेले आठ दिवस महादेव पहाटे डबा घेऊन बाहेर पडत होता. कुठे जातो ते गुणवंतीबाईंनी विचारलं नव्हतं. काल तो नेहमीपेक्षा लवकर आला, अजून ऊन होतं. गॅलरीत माणसं बसली होती. दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. आधी शामरावचं हसणं.

"काय महादेवा! लागलास वाटतं गिरणीत? सांगितलं नाहीस ते! डोक्यावर बघ केवढा कापूस!"

"मीठ आहे," महादेव म्हणाला. "मिठागरावर जातो. वडाळ्याला."

शामरावचं हसणं तिथल्या तिथे तुटलं. मग सगळे एकदम बोलायला लागले. कुणी म्हणालं, पाणी आज लवकर येणार आहे. भिवा आता मिसरूड फुटलेला, तो म्हणाला, "काका, ह्या वर्षी परत लीग आहे म्हणतात. टीम काढू या काय? फक्त डावीकडे कोण खेळणार? लहू गावाला..."

वाक्य तिथेच सोडून भिवा कठड्यापलीकडे बघायला लागला.

महादेव आत आला. खाटेखाली हात घालून त्याने मला बाहेर ओढलं. नऊ महिन्यांनी प्रथमच. मांडीवर घेऊन फिरवलं, आणि ती शिवण सापडल्यावर थांबला. बोट ओलं करून त्याने पांढऱ्या रेघेवर फिरवलं आणि जिभेला लावलं.

गुणवंतीबाईंनी त्याचा शर्ट मोरीत बादलीत बुडवला होता. त्या पाण्याकडे बघत होत्या.

"इकडे या," त्या म्हणाल्या. "बघा."

"काय बघायचं?"

"पांढरं गेलं सगळं. पाण्यात घातलं की जातं." त्यांचा आवाज रोजच्यासारखाच मोठा होता, गॅलरीत पोचणारा, आणि काल त्यांनी तो मुद्दाम खाली आणला नाही. "मालन नळावर माझ्या शेजारी बसून गणपतभावजींचा शर्ट धूत होती. तुम्ही नाव लिहिलंत त्याच्या दुसऱ्या दिवशी. पांढरं असंच गेलं होतं. कापूस पाण्यात विरघळत नाही हो. तो वर तरंगतो. हे मला तेव्हाच दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

"फळ्यावर तुमचं अक्षर होतं."

दाराशी शामराव येऊन उभा होता. त्याच्यामागे भिवा. गुणवंतीबाईंनी शर्ट पिळला, झटकला आणि त्या दोघांकडे बघून म्हणाल्या,

"गणपतभावजी फितूर नव्हते. आणि लहू गावाला गेला, लहू गावाला गेला, हे आता बंद करा. तो गेला नाही. त्याला आपण घालवला."